'पायर' हा व्हिडिओ गेम सुरू करतोयस, तर

फुटबॉलवर वाढलेला गोंयकार तू. पहिल्याच सामन्यात गोळा घेऊन समोरच्याच्या अग्नीकडे, म्हणजे इथल्या गोलकडे, धावत सुटशील. थांब रे जरा. तुझ्या तिघा गड्यांपैकी एका वेळी एकच हलतो, आणि गोळा हातात आला की त्याचं संरक्षक वलय जातं. समोरच्याचं वलय नुसतं लागलं तरी बाद! म्हणून पास देत राहा. गड्यांपैकी चपळ रुकीला पळव, संथ जोडॅरियल आपल्या अग्नीपाशी उभी ठेव. गोळ्यासकट अग्नीत उडी घेणारा पुढची फेरी बाहेर बसतो, हे धरून चाल.

हरलास तर चिडून पुन्हा पहिल्यापासून खेळू नकोस. २०१७चा हा गेम हरल्यावरही कथा पुढे नेतो. मुक्तीचा सामना, म्हणजे एका गड्याची हद्दपारीतून सुटका करणारा, जिंकलास, तर मात्र आवडता गडी कायमचा जातो. यावरच कित्येक जण कुरकुरतात. मला विचारशील तर खरी मजा तिथेच. कथेचा मजकूर वाचायचा कंटाळा असेल, तर म्हापशाच्या दोस्ताला बोलावून आधी दोघांत खेळून बघ.