माणसं अचानक नाहीशी झाली, तर कुत्री स्वतःच्या बळावर जगतील का?

तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय की तुमचा लॅब्राडॉर वाटी पुढ्यात ठेवल्याशिवाय खात नाही, त्यामुळे माणसं गेली तर तो दोन दिवसांत उपाशी मरेल. नुसतं जगातल्या कुत्र्यांबद्दल विचारलं असतंत तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण ‘दोन दिवसांत मरेल’ हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय आणि त्याचं उत्तर बरीच वर्षं माझ्याकडे पडून आहे.

धडधाकट कुत्रा दोन दिवसांत उपाशी मरत नाही. अन्नाशिवाय तो कित्येक दिवस काढतो, पाणी मात्र लागतंच. म्हणजे पहिल्या आठवड्यात जी कुत्री मरतील ती पाण्यावाचून मरतील, आणि पाण्यापर्यंत जाता येत नाही म्हणून मरतील. दार बाहेरून बंद असेल, नाहीतर गळ्यात साखळी असेल.

आमच्याकडे ठिपक्या होता. पांढरा, डाव्या डोळ्यावर आणि शेपटीच्या मुळाशी काळा डाग, जातबित काही नाही. सहा वर्षांचा होईपर्यंत त्याने एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. पावसात पाय भिजतात म्हणून शू करायलाही बाहेर पडायचा नाही. नदीला पूर आला त्या संध्याकाळी आम्हाला न्यायला बोट आली आणि बोटवाल्यांनी आधीच सांगितलं, जनावर घेणार नाही. वाद घालायला वेळ नव्हता. दादाने ठिपक्याला मागच्या शेडच्या लोखंडी खांबाला साखळीने बांधलं, बादलीत दोन दिवसांचं खाणं ठेवलं. मोकळा सोडला तर बोटीमागे पोहत येईल आणि बुडेल, असं त्याचं म्हणणं होतं. दादाचे हात थरथरत होते. तो निर्दय माणूस नाही, हे आधीच सांगतो.

मी आईच्या गोळ्या राहिल्या म्हणून परत आत गेलो. शेडमध्ये पाणी गुडघ्याला लागत होतं. पट्ट्याचं कातडं भिजून फुगलेलं, बक्कल निघता निघेना, माझी दोन नखं मुळापासून मोडली. शेवटी पट्टा निघाला. गच्चीच्या जिन्याचं दार उघडून त्याला एक वीट लावली आणि ठिपक्याला जिन्यावर ढकललं. तो तिथेच तिसऱ्या पायरीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. मी निघालो.

बोटीत दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तू मारलंस त्याला. काय येतं रे त्याला? दोन दिवसांत मरेल तो.” त्यानंतर अकरा दिवस आम्ही एका खोलीत राहिलो आणि एकमेकांशी बोललो नाही.

बाराव्या दिवशी परत आलो तेव्हा शेडच्या खांबावर चिखलाची रेघ होती. माझ्या छातीपर्यंत. खाली साखळी लोंबत होती, फार तर दोन हात लांब, कडी गाळात रुतलेली. बादलीचा पत्ता नव्हता. दादा त्या रेघेकडे बघत उभा राहिला आणि काही न बोलता घरात गेला.

ठिपक्या घरात नव्हता. गच्चीवर मात्र त्याची विष्ठा होती, वेगवेगळ्या दिवसांची. मी काडी घेऊन बसलो आणि एकेक फोडून पाहिली. किळस वाटत असेल तर हा परिच्छेद सोडा, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच मिळालं. सगळ्यात जुनी, वाळून पांढरी पडलेली होती तिच्यात गवत आणि गोणपाटाचे धागे होते, म्हणजे भुकेने जे सापडेल ते चावलेलं. त्यानंतरचीत बियाच बिया. मग खेकड्याच्या कवचाचे तुकडे. आणि सगळ्यात ताजी होती ती उंदराच्या केसांनी गच्च भरलेली. वाटी पुढ्यात आल्याशिवाय न खाणारा कुत्रा अकरा दिवसांत गोणपाटापासून उंदरापर्यंत पोचला होता.

संध्याकाळी तो वरच्या रस्त्याने आला, दोन अनोळखी कुत्र्यांबरोबर. वीसेक पावलांवर थांबला. शेपूट हलवली नाही, नाक वर करून वास घेत राहिला. मी हाक मारली तशी ती दोन कुत्री मागे फिरली. तो अंग जमिनीला लावून आला आणि माझे हात किती तरी वेळ हुंगत बसला. बरगड्या मोजता येत होत्या, एक कान फाटलेला, तळवे चिरलेले. पण चारही पायांवर उभा होता. त्या रात्री जेवताना मी जवळ गेलो तर गुरगुरला, आयुष्यात पहिल्यांदा. पुढची सात वर्षं तो खाण्यातला एक तुकडा अंगणात नेऊन पुरायचा.

दादाचं म्हणणं तेव्हा होतं तेच आजही आहे: नशीब. पुरात मेलेलं काहीबाही खायला मिळालं म्हणून वाचला. मी त्याला दर वेळी अंटार्क्टिकाचं सांगतो. १९५८च्या फेब्रुवारीत जपानी पथकाला शोवा तळ सोडावा लागला. पुढचं पथक येणारच आहे म्हणून १५ साखालिन कुत्री, बर्फावर गाडी ओढणारी, थोड्या खाण्यानिशी साखळीला बांधून ठेवली. हवामानामुळे ते पथक उतरलंच नाही. १९५९च्या जानेवारीत माणसं परतली तेव्हा सात कुत्री साखळीलाच मेलेली होती. आठ निसटली होती, त्यातली सहा दिसली नाहीत आणि दोन, टारो आणि जिरो, जिवंत होती. जवळजवळ वर्षभर, अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, माणसाशिवाय. टारो पुढे १९७०पर्यंत जगला. निसटलेल्यांतलीही बहुतेक गेली, हे खरंच आहे. पण बांधलेल्या सातांपैकी एकही वाचलं नाही. यात नशीब कुठे आलं?

चेर्नोबिलचंही तसंच. तिथल्या अणुवीजकेंद्रातला स्फोट २६ एप्रिल १९८६चा. दुसऱ्या दिवशी शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं, लोकांना वाटलं तीन दिवसांनी परत येऊ. पाळीव जनावरं मागे राहिली. नंतर कुत्र्यांना गोळ्या घालायला माणसं पाठवली गेली, तरी काही वाचली आणि आजही तिथे शेकडो कुत्री आहेत. २०२३मध्ये तिथल्या ३०२ कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर ती कुत्री जंगलापेक्षा अणुवीजकेंद्राच्या आसपास जास्त राहतात, कारण तिथले कामगार त्यांना खायला घालतात. जंगलात लांडगे आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. जगात कुत्री ७० ते १०० कोटींच्या घरात आहेत असा अंदाज आहे आणि त्यातली बहुसंख्य कुणाच्या सोफ्यावर झोपत नाहीत, मोकळीच असतात. पण ‘मोकळी’ म्हणजे माणसाविना नव्हे. त्यांचं पोट आपल्या उकिरड्यावर चालतं. लांडग्यांपेक्षा कुत्र्यांना पिष्टमय अन्न चांगलं पचतं, कारण ते पचवणाऱ्या जनुकाच्या जास्त प्रती त्यांच्यात असतात. आपल्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगल्याची ती खूण आहे. उकिरडे बंद झाले की पहिल्या वर्षात प्रचंड संख्येने कुत्री मरतील. त्याबद्दल मला शंका नाही.

चपट्या नाकाची तर जवळजवळ सगळीच जातील. बुलडॉगची पिल्लं बहुतेक वेळा पोट कापूनच काढावी लागतात, त्यामुळे एका पिढीत विषय संपला. ज्यांचे केस वाढतच राहतात त्यांच्या अंगावर जटा होतील, जखमा झाकल्या जातील, त्यात किडे पडतील. अगदी लहान कुत्री शिकाऱ्यांच्या तोंडी जातील, अगदी अवाढव्यांना पुरेसं खाणं मिळणार नाही. राहतील ती मध्यम अंगाची, आखूड केसांची, लांब तोंडाची. आमच्या ठिपक्यासारखी.

खरी अडचण पिल्लांची आहे. लांडग्यांत नर आणि कळपातले बाकीचे पिल्लांना भरवतात. कुत्र्यांत बहुतेक वेळा सगळं आईवरच येतं. इटलीतल्या अब्रुझ्झो भागात १९८०च्या दशकात रानटी झालेल्या एका कळपावर लक्ष ठेवलं होतं, तिथे ४० पिल्लांपैकी दोनच वर्षाच्या पुढे जगली, आणि कळप टिकला तो गावांतून नवी कुत्री येऊन मिळत राहिली म्हणून. याची दुसरी बाजूही आहे. पश्चिम बंगालमधल्या मोकळ्या कुत्र्यांवर २०१६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे सात महिन्यांपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली, पण जी गेली त्यातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे माणूस होता. गाड्या, विष, मारहाण. माणूस गेला की ते मृत्यूही गेले. शिवाय कुत्र्यांचा लांडगे, कोल्हेकुई करणारे सोनेरी कोल्हे, कोयोटी (अमेरिकेतले लांडग्यासारखे छोटे प्राणी) यांच्याशी संकर होतो आणि पिल्लं पुढे वितातही. काही ठिकाणी कुत्री कुत्री म्हणून उरतील, काही ठिकाणी लांडग्यांत मिसळून जातील. माणसाने नेलेली कुत्री रानात किती टिकू शकतात याचा पुरावा ऑस्ट्रेलियात आहे: डिंगो ही तिथली रानटी कुत्री ३,००० वर्षांहून जास्त काळ आहेत. तेव्हा कुत्रा हा प्राणी टिकेल, असं माझं ठाम मत आहे.

ठिपक्याने काढले ते अकराच दिवस, अकरा वर्षं नाहीत, आणि पुरात उंदीर-खेकडे वर आलेले होते, हे दादाचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. तुमचा लॅब्राडॉर लठ्ठ असेल किंवा म्हातारा असेल तर त्याचं काही खरं नाही. आणि हे वाचून कुणी कुत्रा रस्त्यावर सोडू नये. आज माणसं आहेत, गाड्या आहेत, रेबीज आहे. कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे असंच मी मानतो.

पण माणसं नाहीशी होण्याची वाट बघायची गरज नाही. पूर येतो, आग लागते, कुणीतरी येऊन दहा मिनिटांत घर सोडा म्हणतं. अशा वेळी कुत्र्याला बरोबर न्या, त्यासाठी भांडा. २००५च्या कॅटरिना वादळात लोकांना पाळीव जनावरं मागे सोडायला लावली, कित्येक जण त्यांच्यासाठी घरातच थांबले, आणि २००६मध्ये अमेरिकेला कायदा करून आपत्तीच्या आराखड्यात त्यांची सोय धरायला लागली. न्यायला खरंच जमलं नाही तर पट्टा काढा. ‘पाठी येऊन बुडेल’ हा विचार प्रेमापोटी येतो, हे मला मान्य आहे. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो: तू प्रेमानेच बांधलं होतंस, आणि ती रेघ माझ्या छातीला लागत होती.

तुम्ही आज एवढं करा. तुमच्या लॅब्राडॉरच्या पट्ट्याचं बक्कल ओलं करून, अंधारात, एका हाताने निघतं का बघा. आणि घरातलं एखादं तरी दार त्याला आतून नाकाने ढकलून उघडता येतं का, तेही बघा.