"कोकणी बोली की भाषा?" हा प्रश्न उडवू नका, आधी दुरुस्त करा

"कोकणी ही मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा?" असा प्रश्न तुमच्या प्रश्नोत्तरांच्या मंचावर आला, तासाभरात कॉमेंटचा ढीग पडला, निम्म्यात एकमेकांची खानदानं निघाली. अशा प्रश्नांना सरळ कुलूप लावावं का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. मॉडरेटर झालो तेव्हा मीही तेच करायचो. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न दुसऱ्या आयडीवरून यायचा आणि सोबत "दाबून टाकलंत" हा आरोपही यायचा.

विषय नाजूक आहे का, हे मी हल्ली बघतच नाही. उत्तर चुकीचं आहे हे कुणाला दाखवता येईल का, एवढंच बघतो. "बोली की भाषा" याला ते लागू होत नाही, कारण भाषा कशाला म्हणायचं हेच आधी ठरलेलं नाही. त्यात नावाचा घोळ. रत्नागिरीचा माणूस आपल्या घरच्या बोलण्याला कोकणी म्हणतो, मडगावचा माणूस आपल्या. दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि तावातावाने भांडतात.

मी प्रश्नाचे दोन करतो. एक : कोकणीला मराठीची बोली मानणारे आणि न मानणारे अभ्यासक कशाच्या आधारावर तसं म्हणतात? दोन : कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता कुणी आणि कधी दिली? दुसऱ्यावर तर वाद घालायला जागाच उरत नाही. साहित्य अकादमी 1975, गोव्याचा राजभाषा कायदा 1987 (त्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, हे दोन्ही बाजू सोयीने विसरतात), 71व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेची आठवी अनुसूची 1992. पहिल्यावर मतं येणार, येऊ द्या, फक्त आधारासकट. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा 1905चा सातवा खंड कोकणीला मराठीखाली घालतो. अभ्यासकांत अ. का. प्रियोळकर बोली म्हणायचे, सु. मं. कत्रे स्वतंत्र मानायचे. एवढं कुणी मांडलं की "तुम्हाला काय कळतं" म्हणणाऱ्याला आधी कत्र्यांशी भांडावं लागतं.

घरचा अनुभव सांगणारी उत्तरं सरसकट उडवू नका. "माझी आजी सांगायची, ती मराठीच" हे उत्तर नव्हे. पण मागे एकाने लिहिलं होतं, "आमच्या सावंतवाडीकडे आंबो, घोडो म्हणतात, गोव्यातही तेच; पण गोव्यातला 'हांव' आमच्यात नाही, आम्ही 'मी'च म्हणतो." आधार म्हणून एकही पुस्तक नव्हतं, तरी मी ते ठेवलं. दुसरा मालवणी माणूस येऊन ते खोडू शकतो, म्हणून.

आणि हे काम पहिल्या तासात करा. पाच उत्तरं पडल्यावर प्रश्न बदललात तर ती पाचही लोंबकळत राहतात आणि लिहिणारे तुमच्यावर उखडतात, रास्तच. उशीर झालाच असेल तर जुना प्रश्न तसाच बंद करा आणि दुरुस्त केलेला नव्याने टाकून त्याची लिंक खाली द्या.

कॉमेंट मात्र बिनदिक्कत साफ करा. पण एका बाजूच्या उडवल्यात तर दुसरीच्याही त्याच बैठकीत उडवा. एकदा मी रात्री अर्ध्या साफ करून झोपलो. सकाळी गोव्याच्या सदस्यांचा मेसेज: "फक्त आमच्याच गेल्या." खरंच तसंच झालं होतं, त्या वर होत्या म्हणून. मी आजोळचा मालवणी, हे सगळ्यांना ठाऊक. कोण विश्वास ठेवणार? तेव्हापासून या विषयाला मी एकटा हात लावत नाही, गोव्याकडच्या मॉडरेटरला सोबत घेतो.

काडी टाकणारे असतात, पण प्रत्येकजण तसा नसतो. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर. तेव्हा भाषेचा प्रश्न त्याच वादात गुंतलेला होता, आणि पुढे 1986च्या भाषा-आंदोलनात माणसं गेली. ज्या घराने हे पाहिलंय, तिथला माणूस "बोली" या एका शब्दाने बिथरतो. त्याला बॅन करण्याआधी खासगीत दोन ओळी लिहा. तुमच्या धाग्यात सगळ्यात कडू कॉमेंट लिहिणाऱ्याने 1987च्या कायद्यातलं नेमकं कलमही दिलंय, बघितलंत का? शिवी काढा आणि तेवढा भाग उत्तर म्हणून टाकायला सांगा त्याला.