पाणलोटाच्या कामांमुळे भूजल वाढले, हे प्रबंधात कसे दाखवावे?

मराठवाड्यातील एका गावात नाला खोलीकरण आणि बंधारे झाले असून, कामांच्या आधीच्या व नंतरच्या विहिरींच्या पातळ्या ताडून एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी भूजलातील वाढ काढायची आहे, तेवढे पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. पहिली अडचण पावसाची आहे. अशा कामांचे राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली आणि २०१६ मध्ये चांगला पाऊस झाला. तेव्हा २०१५ आणि २०१६ च्या ऑक्टोबरमधील पातळ्या शेजारी-शेजारी मांडल्या, तर एकही बंधारा नसलेल्या गावातसुद्धा भूजल वाढलेले दिसेल. म्हणून तसाच खडक, तशीच माती आणि तेवढाच पाऊस असलेले, पण कामे न झालेले दुसरे गाव तुलनेला घ्यावे. मात्र ते त्याच ओढ्यावर खालच्या अंगाला नसावे, कारण वर अडवलेले पाणी त्याच्या वाट्याचे असू शकते आणि मग फरक फुगलेला दिसतो.

दुसरी अडचण खडकाची, आणि परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतात. पातळीतील वाढ म्हणजे पाण्याचे घनफळ नव्हे. मुरूम किंवा मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात पाणी साठते, अभंग काळ्या पाषाणात जवळजवळ नाही. भूजल मूल्यांकनाच्या प्रचलित निकषांत बेसॉल्टचे (काळ्या पाषाणाचे) विशिष्ट उत्पादन, म्हणजे खडकाच्या एकूण घनफळापैकी जितके पाणी त्यातून निथळून मिळू शकते तो हिस्सा, साधारण १ ते ३ टक्के धरतात. ५०० हेक्टरच्या पाणलोटात पातळी १ मीटर चढली, तर २ टक्क्यांनी १ लाख घनमीटर पाणी येते. पण १ टक्का धरल्यास ५० हजार आणि ३ टक्के धरल्यास दीड लाख. म्हणजे केवळ एका गृहीतकाने उत्तर तिप्पट होते. त्यामुळे एकच आकडा न देता कक्षा द्यावी आणि शक्य असेल तर दोन-तीन विहिरींवर उपसा-चाचणी करावी, म्हणजे ठरावीक दराने पाणी उपसून पातळी कशी उतरते व पुन्हा भरते ते मोजावे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची नोंद जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा होते. जुना कल समजण्यासाठी ही नोंद अमूल्य आहे, परंतु पावसाळ्यातील चढ तीत पकडता येत नाही. जून ते ऑक्टोबर तुम्ही स्वतः पंधरा दिवसांनी मोजावे. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी आणि काठावर रंगाने केलेल्या एकाच खुणेपासून करावी. मी विद्यार्थी असताना दुपारी, उपसा चालू असलेल्या विहिरींत टेप सोडत राहिलो आणि एका हंगामाच्या नोंदी बाद कराव्या लागल्या.

उपशाकडे बहुतेक प्रबंध दुर्लक्ष करतात, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते. पाणी दिसले की शेतकरी कांदा वाढवतो, कोणी ऊस लावतो, आणि मे महिन्यातील पातळी पूर्वीइतकीच खाली जाते. केवळ पातळी पाहणारा कामे फसली असे म्हणेल, जरी वाढलेले पाणी पिकांनी घेतलेले असले तरी. म्हणून दोन्ही गावांत रब्बी आणि उन्हाळी पिकांचे क्षेत्र, नव्या विंधन विहिरींची संख्या आणि मोटारी रोज किती तास चालतात, हे पहिल्याच फेरीत विचारून ठेवावे. सहा महिन्यांनी ते कोणालाच नीट आठवत नाही.