प्रार्थना चालू असताना हसू आलं तर देवाचा अपमान होतो का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण आमच्या घरी अगदी हेच होऊन गेलंय. तुम्ही लिहिलंय की रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तुमची छोटी पुतणी काहीतरी बोलली, तुम्हाला हसू फुटलं, आई रागावल्या की देवासमोर खिदळतोस, लाज नाही वाटत, आणि तेव्हापासून तुम्हाला टोचतंय की ख्रिस्ती माणसाने हसावं, चेष्टामस्करी करावी की नाही. माझं म्हणाल तर हसावं, मोकळेपणाने हसावं. आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये आहे म्हणून सांगतेय.

आधी आमच्या घरचं सांगते. आमच्याकडे प्रार्थनेत प्रत्येकाने आपलं आपलं एक मागणं मांडायचं असतं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. तिची पाळी आली, हात घट्ट जोडलेले, डोळे इतके मिटलेले की नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या, आणि ती म्हणाली, "प्रभू येशू, पप्पांचं घोरणं बंद कर, आणि ते जमत नसेल तर मला तरी त्यांच्या आधी झोप लागू दे, तुला जे सोपं पडेल ते कर, आमेन." ह्यांचे खांदे आधी हलायला लागले, मग सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला, मोठा मुलगा खूप जोरात आमेन म्हणाला आणि मग सगळंच बांध फुटल्यासारखं झालं. मला पहिल्यांदा रागच आला, खरं सांगते, मी ओरडणारच होते. पण तिच्याकडे बघितलं तर ती अजून तशीच डोळे मिटून बसलेली, पुढच्याची प्रार्थना कधी सुरू होतेय याची वाट बघत. तिने विनोद केलाच नव्हता हो. जे मनात होतं ते तिने जसंच्या तसं देवाला सांगितलं होतं आणि निवड त्याच्यावर सोडली होती. आपण मोठी माणसं "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो तेव्हा मनात एक रस्ता आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि देवाने फक्त त्यावर सही करावी अशी अपेक्षा असते, तिने खरोखरच दोन्ही रस्ते मोकळे ठेवले होते. त्या रात्री मी किती वेळ त्याचाच विचार करत पडले होते.

आता शास्त्राचं बघा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की तुझ्या बायकोला, साराला मुलगा होईल, तर अब्राहाम उपडा पडतो आणि हसतो, की शंभर वर्षांच्या माणसाला मूल होणार आणि नव्वद वर्षांच्या बाईला! पुढच्या अध्यायात सारा तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकते आणि मनातल्या मनात हसते, परमेश्वर विचारतो सारा का हसली, ती घाबरून म्हणते मी नाही हसले, आणि तो म्हणतो, "नाही, तू हसलीसच." झालं, एवढंच. शाप नाही, शिक्षा नाही, वचन परत घेणं नाही. उलट मुलाचं नाव काय ठेवायला सांगितलं तर इसहाक, म्हणजे "तो हसतो". विचार करा, त्या म्हातारीने आयुष्यभर पोराला जेवायला हाक मारताना आपल्याच हसण्याचं नाव घेतलं असेल. आणि मूल झाल्यावर २१व्या अध्यायात ती म्हणते की देवाने मला हसवलंय आणि जो कोणी हे ऐकेल तो माझ्यासोबत हसेल. पहिलं हसणं अविश्वासाचं होतं हे मान्य, पण देवाने ते हसणं दाबून टाकलं नाही, तेच हसणं त्याने आनंदाचं करून तिला परत दिलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आणि बाकी शास्त्रात पण बघायला गेलं तर ठिकठिकाणी आहे, आपण ते गंभीर आवाजात वाचतो म्हणून लक्षात येत नाही. पूजेसाठी सोन्याचं वासरू केल्यावर मोशे आपल्या भावाला, अहरोनाला जाब विचारतो तर अहरोन काय सांगतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! घराघरातली पोरं फुलदाणी फुटल्यावर हेच सांगतात, आपोआप पडली. प्रेषितांच्या कृत्यांत १२व्या अध्यायात तर मला दर वेळी हसू येतं, येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, मंडळी रात्रभर त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करतेय, देवदूत त्याला सोडवतो, तो येऊन दार ठोठावतो, कामाची मुलगी आवाज ओळखते आणि इतकी हरखून जाते की दार न उघडताच आत पळते, आणि आतले लोक तिला म्हणतात तू वेडी आहेस. ज्याच्यासाठी प्रार्थना चाललीय तो बाहेर दार वाजवतोय आणि हे म्हणतात शक्यच नाही. मी स्वतः कितीदा असं केलंय, मागायचं आणि मिळालं की विश्वास बसत नाही.

प्रभू येशूच्या बोलण्यात पण आहे. भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ, मूळ ग्रीकमध्ये तर तो शब्द घराच्या तुळईचा आहे, आता डोळ्यातून तुळई बाहेर आलेला माणूस दुसऱ्याच्या डोळ्यावर वाकलाय हे डोळ्यासमोर आणा. किंवा मत्तय २३ मधलं, नियमांचा काटेकोरपणा मिरवणाऱ्या शास्त्री-परूश्यांना म्हटलेलं, चिलट गाळून काढता आणि उंट गिळून टाकता. चिलट अशुद्ध म्हणून पेय गाळून प्यायचे, आणि उंटही नियमशास्त्राप्रमाणे अशुद्धच, म्हणजे नियम मोडायचा तर केवढा मोठा मोडला बघा. ऐकणारे लोक तेव्हा हसले नसतील असं मला तरी वाटत नाही, आणि हसता हसता ते बोलणं कुठेतरी आत जाऊन लागलंही असेल.

पण एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. सगळं हसणं सारखं नसतं. काही वर्षांपूर्वी आमच्या उपासनेत एक ताई शास्त्रपाठ वाचायला उभ्या राहिल्या, त्या मोठेपणी वाचायला शिकल्या होत्या, पहिल्यांदाच पुढे आल्या होत्या, आणि नेमका पाठ होता दानिएलाचा. नबुखद्नेस्सर हे नाव काही त्यांना उच्चारता येईना, दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा भलतंच काहीतरी झालं आणि आमच्या बाकावरून हसण्याचा आवाज गेला. त्यात मीही होते. त्यांनी कसाबसा पाठ संपवला आणि जागेवर जाऊन बसल्या, त्यानंतर त्या वाचायला कधीच उभ्या राहिल्या नाहीत. मी नंतर त्यांच्या घरी माफी मागायला गेले, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाल्या की मला वाटलं होतं देवाच्या घरात तरी कोणी हसणार नाही. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. नीतिसूत्रे २६ मध्ये लिहिलंय की जो शेजाऱ्याला फसवतो आणि मग म्हणतो मी तर गंमत करत होतो तो जळते कोलीत फेकणाऱ्या वेड्यासारखा आहे, मी ते वचन तेव्हापासून स्वतःसाठी वाचते. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारा की तुमच्या हसण्याने पुतणीला काय वाटलं, ती ओशाळली का, पुढच्या दिवशी प्रार्थना करायला लाजली का. तसं असेल तर देवाची आधी नाही, तिची आधी समजूत काढा.

माझ्या बाबांचं सांगते म्हणजे दुसरी बाजू कळेल. शेवटचे दोन-तीन महिने ते अंथरुणावरच होते. पाळकसाहेब दर गुरुवारी यायचे, मनाने फार चांगले, पण प्रार्थना लांब. एकदा ते मध्येच श्वास घ्यायला थांबले तर बाबा एक डोळा उघडून हळूच म्हणाले, "साहेब, आमेन झालं का अजून येतंय? मला कूस बदलायचीय." आम्ही सगळे गारच पडलो. पाळकसाहेब मात्र इतके हसले, इतके हसले की पलंगाच्या कडेला बसले, मग स्वतःच्या हाताने बाबांना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, चादर सारखी केली आणि त्यानंतर आमेन म्हणाले. त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आधीच्या सगळ्या गुरुवारांत पाहिलं नव्हतं. मी नंतर त्यांना म्हटलं, बाबा, प्रार्थनेत असं बोलतात का, तर म्हणाले, अगं मी बापाकडे चाललोय, परक्याकडे नाही.

पाळकसाहेबांनी मग आम्हाला इंग्लंडच्या थॉमस मोर यांची गोष्ट सांगितली, राजाला चर्चचा प्रमुख मानायला ते तयार झाले नाहीत म्हणून १५३५ साली त्यांचा शिरच्छेद झाला. शिरच्छेदाच्या मंचाचा जिना डुगडुगत होता, तर ते अधिकाऱ्याला म्हणाले की वर चढायला तेवढा हात द्या, खाली यायचं माझं मी बघून घेईन. ही गोष्ट त्यांच्या जावयाने लिहून ठेवलीय. बाबांना ती इतकी आवडली की पुढचे काही दिवस कोणी उठून बसायला हात दिला की तेच वाक्य म्हणायचे.

तुमच्या आईंशी वाद घालू नका एवढी विनंती. त्यांच्या मनात देवाचा धाक आहे आणि तो खरा आहे, देव स्वर्गात आहे आणि तू पृथ्वीवर आहेस म्हणून तुझे शब्द थोडे असावेत हेही उपदेशकातच लिहिलंय, जिथे रडण्याचा समय आणि हसण्याचा समय लिहिलाय त्याच पुस्तकात. त्यांना फक्त आज रात्री उत्पत्ती २१ मोठ्याने वाचायला सांगा, पहिली सात वचनं पुरेत, त्यांच्याच आवाजात साराचं ते वाक्य घरात ऐकू येऊ दे. आणि पुन्हा कधी हसू आलं तर दाबून लाल होऊ नका, हसून घ्या, मग जिथे थांबलात तिथून प्रार्थना पुढे चालू करा, आम्ही तेच करतो.

धाकटी आता नऊ वर्षांची आहे. ह्यांचं घोरणं काही थांबलेलं नाही, पण ती मात्र उशीवर डोकं टेकायचा अवकाश, की झोपलेली असते.