नोकरी बदलली, मग पीएफ काढावा का?

प्रश्न : माझे वय ३० वर्षे आहे. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात सलग सात वर्षे काम केल्यावर मी गेल्या महिन्यात चिंचोली औद्योगिक वसाहतीतील दुसऱ्या कारखान्यात रुजू झालो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून माझे १४,००० रुपये होतात. माझ्या पगारातून दरमहा १,६८० रुपये कापले जात होते, पण मालकाच्या वाट्यापैकी पासबुकात माझ्या नावे ५१४ रुपयेच दिसतात. बाकीची रक्कम कुठे जाते? शिवाय जुने सहकारी सांगतात की पीएफ आणि पेन्शन दोन्ही उचलून मोकळा हो. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागातच दुसऱ्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी ५१४ रुपयांचा हिशेब पाहू. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कायद्यानुसार मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कामगाराने आणि तेवढीच मालकाने भरायची असते. आपले १,६८० रुपये पूर्णपणे आपल्या निधीत जमा होतात. मालकाच्या १,६८० रुपयांचे मात्र दोन भाग पडतात. पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत १,१६६ रुपये, १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले ५१४ रुपये आपल्या निधीत येतात. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये असल्याने पगार त्याहून अधिक असला तरी पेन्शनकडे जाणारी रक्कम सामान्यतः १,२५० रुपयांच्या पुढे जात नाही.

हे दोन भाग वेगवेगळ्या रीतीने वाढतात. निधीवर दरवर्षी व्याज मिळते. २०२४-२५ या वर्षासाठी तो दर ८.२५ टक्के होता. पेन्शनच्या रकमेवर आपल्या खात्यात व्याज जमा होत नाही, कारण तिथे पैशांच्या बेरजेपेक्षा सेवेची वर्षे मोजली जातात. पेन्शनचे सूत्र असे : शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. आपला पगार १४,००० रुपये धरला तर सेवेचे प्रत्येक वर्ष दरमहा २०० रुपये पेन्शनच्या मोलाचे ठरते.

आता सहकाऱ्यांचा सल्ला या सूत्रात घालून पाहा. आपण वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत आणखी २८ वर्षे काम केले आणि मागची सात वर्षे जोडून घेतली, तर सेवा ३५ वर्षांची होते. वीस वर्षांहून अधिक सेवा करून निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षे वाढवून मिळतात, म्हणून ३७ धरू. पगार वाढलाच नाही असे मानले तरी पेन्शन ७,४०० रुपये बसते. मागच्या सात वर्षांची पेन्शनची रक्कम आज उचलली, तर हाच आकडा ६,००० रुपयांवर येतो. म्हणजे आज हाती पडणाऱ्या एकरकमी पैशांसाठी आपण तहहयात दरमहा १,४०० रुपयांवर पाणी सोडता, आणि आपल्या पश्चात पत्नीला मिळणारी पेन्शनही त्याच प्रमाणात घटते. पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. त्यातली सात आपण पुरी केली आहेत. ती पुसून टाकून पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू करू नये, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन.

दुसऱ्या कारखान्यात रुजू झालेल्याने निधीची संपूर्ण रक्कम काढणे नियमांनाही धरून नाही. ती नव्या खात्यात हस्तांतरित करायची असते. नव्या मालकाला नवीन क्रमांक काढू देऊ नका. आपला जुना बारा अंकी यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, त्यांना द्या, आणि हस्तांतर पूर्ण झाले की नाही हे पासबुकावर स्वतः तपासा. हस्तांतरानंतर पेन्शनच्या रकान्यात बहुधा शून्य दिसते आणि ते पाहून अनेकांचे धाबे दणाणते, पण तिथे रक्कम सरकत नाही, सेवेची नोंद सरकते. जुन्या कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख आपल्या सेवानोंदीत बरोबर चढली आहे का, एवढे मात्र अवश्य पाहा. ती राहिली किंवा चुकली की पुढची कामे अडतात.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो. सलग पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे जुन्या कारखान्याकडून आपल्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, येणे आहे. हिशेब शेवटच्या पगाराला २६ ने भागून, १५ दिवसांनी आणि सेवेच्या वर्षांनी गुणून करतात. आपली रक्कम सुमारे ५६,५३८ रुपये होते. हा पैसा पीएफच्या खात्यात नसतो, मालकाने तो वेगळा द्यायचा असतो. नोकरी सोडल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नोकरी बदलणारे कितीतरी कामगार पीएफसाठी हेलपाटे घालतात आणि ग्रॅच्युइटीचे नावही काढत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी अनेक वर्षे विड्या वळल्या. त्यांना ५८ वर्षे पूर्ण झाली, पण आधार कार्डावरील आडनावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून पेन्शनचा अर्ज परत आला. उशीर झाल्याने मागचे पैसे बुडतील का?
— एक वाचक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : पैसे बुडणार नाहीत. पेन्शनचा हक्क ५८ वर्षे पूर्ण झाल्यापासून सुरू होतो आणि अर्ज उशिरा मंजूर झाला तरी मधल्या काळाची थकबाकी मिळते. नोंदीतील दुरुस्ती कामगार आणि कारखाना यांच्या संयुक्त घोषणापत्राने होते. आपल्या शहरात तेलुगू घराण्यांची आडनावे इंग्रजीत लिहिताना एखादे अक्षर कमीजास्त होणे अगदी नेहमीचे आहे, त्यामुळे या कारणाने अडलेले अर्ज पाहून मला आश्चर्य वाटत नाही. आधी आधार आणि बँकेचे पासबुक यांवरील नाव एकसारखे करून घ्या, जन्मतारखेसाठी शाळेचा किंवा जन्मनोंदीचा दाखला जोडा, मग घोषणापत्रावर कारखान्याची सही घ्या. त्यानंतर पेन्शनचा अर्ज, ज्याला दहा डी म्हणतात, पुन्हा भरा. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल.

विडी उद्योगात वर्गणीचा दर १२ ऐवजी १० टक्के आहे. त्यातूनही ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, म्हणून मालकाच्या वाट्यापैकी निधीत फारच थोडी रक्कम साठते. सासूबाईंच्या पासबुकातील आकडा लहान दिसला तर लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नका. मधल्या एखाद्या महिन्याची वर्गणी गळालेली नाही ना, हे मात्र नीट तपासा. योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. आयुष्यभर सुपासमोर बसलेल्या बाईला ती पुरणारी नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे, पण हक्काची आहे आणि ती सोडता कामा नये.

घरात आणखी कोणी नोकरीत असेल तर त्यांची वारसनोंदही याच वेळी पाहून घ्या. लग्नापूर्वी केलेली पीएफची वारसनोंद लग्नानंतर रद्द ठरते आणि नवी करावी लागते. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला पेन्शन आणि निधी मिळतो, शिवाय पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून जास्तीत जास्त ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते; कामगाराला त्या विम्याचा हप्ता भरावा लागत नाही, तो मालक भरतो.

प्रश्न : आमच्या शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात १४ कामगार आहेत. आम्हाला पीएफ लागू नाही, पण चांगले कारागीर टिकावेत म्हणून काही करायचे आहे. काय करता येईल?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : पीएफ २० कामगारांपासून सक्तीचा असला तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर त्याआधीही तो स्वेच्छेने लागू करून घेता येतो. तसे केल्यास मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून वळता करता येत नाही, आणि दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. उशीर झाल्यास १२ टक्के व्याज आणि वर दंड बसतो.

ग्रॅच्युइटी मात्र दहा कामगारांपासून लागू होते, म्हणजे ती देण्याची जबाबदारी आपल्यावर आजही आहे. दरवर्षी प्रत्येक कामगारामागे सुमारे पंधरा दिवसांचा पगार बाजूला काढावा, किंवा आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थेची समूह ग्रॅच्युइटी योजना घ्यावी. एकाच वर्षी तीन जुने कारागीर निवृत्त झाले तर आपली तारांबळ उडणार नाही. वरच्या पगाराच्या कर्मचाऱ्यांसाठी मालकामार्फत राष्ट्रीय पेन्शन योजनेत वर्गणी भरता येते. तिचा परतावा बाजारावर अवलंबून असतो आणि निश्चित रकमेची हमी नसते, हे त्यांना आधी समजावून सांगावे. आपल्या कारखान्यासाठी मी आधी ग्रॅच्युइटीची तरतूद, नंतर पीएफ आणि मगच राष्ट्रीय पेन्शन योजना असा क्रम सुचवेन.