रेशीमघरात दवाखान्याचा सेन्सर लावताय? आधी एवढं करा

भाऊ, रेशीम अळ्यांच्या शेडमध्ये दवाखान्यातला तापमानाचा सेन्सर लावून कूलर आपोआप चालू-बंद करायची कल्पना झकास आहे. फक्त ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर शेडमध्ये टांगू नका. तो साधारण ३२ ते ४२ अंशांतच आकडा दाखवतो. अळीला हवेत २४ ते २८, अन् आपला मे महिना ४५ च्या वर. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, बाप्पा!

पेशंट मॉनिटरचा (दवाखान्यात रुग्णाशेजारी असतं ते यंत्र) '४०० सिरीज' थर्मिस्टर प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमानाचा सेन्सर, घ्या. तापमान वाढलं की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) घटतो. २५ अंशांना तो २२५२ ओहम असतो. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावा, ७३५५ च्या आसपास आला तर प्रोब ठीक.

मग प्रोब कंट्रोलरला (आकडा वाचून हुकूम देणारं छोटं सर्किट) अन् कंट्रोलरच्या रिलेला (विजेवर चालणारा स्विच) कूलर जोडा. नवे लोक इथे चुकतात:

- चालू-बंद एकाच आकड्यावर ठेवतात. रिले टकटक करून मरतो. २८ ला चालू, २६ ला बंद ठेवा.
- प्रोब पत्र्याला टेकवतात. रॅकच्या उंचीवर, कूलरच्या झोताबाहेर लटकवा.
- उंदीर विसरतात. वायर कुरतडली की रोध प्रचंड वाढतो, कंट्रोलरला वाटतं कडाक्याची थंडी पडली, आणि भर दुपारी कूलर बंद! असा वेडावाकडा आकडा आला की भोंगा वाजेल, एवढं कोडमध्ये घालाच.

मेनची जोडणी वायरमनकडून. आर्द्रता, मोबाईलवरचे ग्राफ पुढच्या बॅचला बघू.