पान काढण्यापूर्वी

टॅरो, म्हणजे मनात प्रश्न धरून अर्थ लावायची चित्रांची पाने, शिकताना पहिल्याच बैठकीत दहा पानांची मांडणी करण्याची घाई करू नये. टॅरोच्या ७८ पानांपैकी २२ मुख्य पाने ओळखीची होईपर्यंत रोज एकच पान काढावे. ‘नोकरी मिळेल का’ असे न विचारता ‘मुलाखतीच्या तयारीत माझे काय राहून जाते आहे’ असे विचारावे, कारण हो-नाहीच्या प्रश्नावर चित्र फारसे बोलत नाही. मग कॅट सावकाश पिसून पाने उपडी पसरावीत आणि हात थांबेल तिथले पान उचलावे. आमच्या पंचवटीतल्या घरी पावसाळ्यात पाने दमट होऊन दोन-दोन चिकटतात. काही जण त्याला संकेत मानतात, मी ओली हवा मानते आणि खालचे पान परत ठेवते. नकोसे पान आले म्हणून दुसरे काढू नये. तेरावे ‘मृत्यू’चे पानही बहुधा एखादी गोष्ट संपून बदल होण्याकडेच बोट दाखवते.